आधी हिशेब, मग लॉग

(दृश्य: अप्पा बळवंत चौक. दुकानांपुढे सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे.)

बारावीची परीक्षा तोंडावर आली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात लॉगरिदमचे तयार आकडे देणाऱ्या एका पातळशा पुस्तिकेला मागणी येते. लॉग टेबल. बोर्डाच्या रसायनशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे एरवी रिक्षाचे सुटे पैसेही मोबाइलवर मोजणारी पोरं बाराच्या ओळीत, दोनच्या रकान्याखाली बोट धरून बसलेली दिसतात.

ते बोट ज्या गणितांसाठी फिरतं, त्यातलं एक हमखास असतं: बफर द्रावणाचा पीएच. पीएच म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, आणि बफर म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्कली पडलं तरी ज्याचा पीएच फारसा हलत नाही ते द्रावण.

पीएचला मराठीत सामू म्हणतात. शहरातली बहुतेक मुलं अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकतात, म्हणून हा शब्द त्यांच्या हातून दहावीलाच सुटतो. नारायणगावकडच्या द्राक्षबागांत मात्र तो रोजचा आहे. फवारणीआधी पाण्याचा सामू बघायचा असतो.

(दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा. चंचुपात्रं, ब्युरेट, कोपऱ्यात पीएच मीटर.)

कॅमेऱ्याला वास येत नाही हे बरं आहे. इथे सकाळपासून व्हिनेगरचा भपकारा सुटलाय. चंचुपात्रात 100 मिलिलिटर ॲसिटिक आम्ल आणि 100 मिलिलिटर सोडियम ॲसिटेट आहे, दोन्ही 0.1 मोलर, म्हणजे लिटरमागे 0.1 मोल (मोल हे पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक). म्हणजे प्रत्येकी 10 मिलिमोल. सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार, एका भांड्यात.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पीएच बरोबर पीकेए अधिक लॉग, कंसात क्षार भागिले आम्ल. पीकेए म्हणजे आम्ल किती सौम्य ते सांगणारा त्याचा ठरलेला आकडा; ॲसिटिक आम्लाचा 4.74. दहा भागिले दहा एक, एकाचा लॉग शून्य. उत्तर 4.74. इथवर कुणी चुकत नाही.

आता यात 10 मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, तेही 0.1 मोलर. म्हणजे 1 मिलिमोल. पीएच किती?

वर्गातली निम्मी डोकी लगेच लॉग टेबलात जातात. कुणी जुनेच 10 आणि 10 घेतं. कुणी क्षारात एक मिळवतं, पण आम्लातून एक वजा करायला विसरतं. मग अकरा भागिले दहा, लॉग 0.0414, उत्तर 4.78. दिसायला अगदी सभ्य उत्तर, पण चुकीचं.

"अगं, आधी भांड्यात काय घडलं ते लिही," मॅडम सांगतात. "लॉग कुठे पळून जात नाही."

भांड्यात घडलं ते असं. आलेल्या हायड्रॉक्साइडला आम्लाने गाठलं. दोघं संपले आणि त्यातून ॲसिटेट व पाणी झालं. आम्ल 10 चं 9 झालं, ॲसिटेट 10 चं 11. एकूण आकारमान 210 मिलिलिटर, पण भागायचं दोघांनाही त्यानेच, म्हणून ते कटतं. अकरा भागिले नऊ, 1.222. टेबलात बाराची ओळ, दोनचा रकाना, वर थोडा फरक: 0.087. पीएच 4.83.

हेच 10 मिलिलिटर 200 मिलिलिटर शुद्ध पाण्यात ओतलं असतं, तर पीएच सातावरून थेट 11.68 वर गेला असता. बफर मात्र नऊ शतांशावर निभावलं. आता घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड नसून हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर ॲसिटेट पुढे झालं असतं आणि हिशेब उलटा झाला असता: क्षार 9, आम्ल 11, पीएच 4.65.

(दृश्य: अमृततुल्य. पातेल्यात उकळणारा चहा.)

चहाचा रंग दुधाच्या प्रमाणावर ठरतो, मग कप एक असो की वीस. पण वरून चमचाभर दूध पडलं, तर कटिंगचा रंग बदलतो आणि पातेल्याला पत्ताही लागत नाही. बफरचंही तसंच: पीएच ठरतो गुणोत्तराने, सहनशक्ती ठरते मालाच्या साठ्याने. पाणी ओतलं की मात्र ही उपमा संपते. चहा बिघडतो, बफरचा पीएच फारसा हलत नाही.

गुणोत्तर फार लांब ताणता येत नाही. एकास दहा ते दहास एक, म्हणजे पीकेएच्या खालीवर एकेक, एवढीच कामाची हद्द. ॲसिटेटनेच 7.4 पीएच गाठायचा हट्ट धरला, तर एक भाग आम्लाला साडेचारशेहून जास्त भाग क्षार लागेल. त्याला नावापुरतंच बफर म्हणायचं.

गंमत म्हणजे या हद्दीबाहेरचं एक बफर आपल्या सगळ्यांच्या अंगात वाहतंय.

हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसनने 1908 साली सौम्य आम्ल आणि क्षाराचा हा हिशेब मांडला, तो लॉगशिवाय. पीएच ही मोजपट्टीच तेव्हा नव्हती. ती 1909 साली डेन्मार्कच्या सोरेन्सनने आणली, कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत. मग 1916 साली डेन्मार्कच्याच हासेलबाल्खने दोन्ही जोडून लॉगचं सूत्र केलं, आणि तेही रक्तासाठी.

रक्तात लिटरमागे सुमारे 24 मिलिमोल बायकार्बोनेट, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड 1.2. भागाकार 20, लॉग 1.30. या जोडीचा पीकेए 6.1. बेरीज 7.4. पुस्तकी नियमाने वीसास एक म्हणजे दुबळं बफर. पण चंचुपात्र बंद असतं, शरीर उघडं आहे. वाढलेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं श्वासाबरोबर बाहेर टाकतात, बायकार्बोनेट मूत्रपिंडं सांभाळतात.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. बफरच्या गोळ्या शुद्ध पाण्यात विरघळताना.)

शेवटी मीटर. चार, सात आणि 9.2 च्या गोळ्या विरघळवून आधी तो ताळ्यावर आणायचा. मग इलेक्ट्रोड धुऊन, टिपून, आपल्या सकाळच्या पहिल्या मिश्रणात बुडवायचा. आकडा स्थिरावतो तो 4.7 च्या जरासा खाली.

मीटर बिघडलेला नाही. सूत्रात आपण नुसती संहती, म्हणजे लिटरमागे किती मोल, घालतो. द्रावणात मात्र आयन एकमेकांच्या ओढीत असतात, आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रभाव संहतीपेक्षा थोडा कमी पडतो. ती दुरुस्ती बारावीत शिकवत नाहीत.

म्हणून पलीकडच्या टेबलावरची मुलगी एकदा मीटरकडे बघते, एकदा शेजारणीच्या जर्नलकडे, आणि निरीक्षणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिते: 4.74.