आधी तिचा दिवस वाचवा
(सोलापुरात आशाताईंपुढे, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांपुढे, केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गरोदरपणातली एचआयव्ही चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला बोलायचंय ते त्या बाईच्या दिवसाबद्दल. कुंभारीच्या वसाहतीतली विडी कामगार घ्या. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायचं, विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. सकाळ रांगेत गेली की त्या दिवसाचे पैसे बुडाले. त्यात आज नाव नोंदवा, उद्या रक्त द्या, परवा रिपोर्ट न्या म्हटलं, तर ती यायची कशी? अशा बाईला बेफिकीर म्हणणं मला अजिबात मान्य नाही. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतो, त्याच वेळी ही चाचणीही उरकली पाहिजे. किट उपकेंद्रातसुद्धा चालतं, निकाल अर्ध्या तासात कळतो.

मात्र किटच्या पट्टीवर दोन रेषा दिसल्या म्हणून निदान झालं असं धरू नका. तो फक्त इशारा. तिला आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात न्यायचं, तिथं वेगवेगळ्या तीन किटवर तपासणी होते, मगच काय ते सांगायचं. तोवर तुमच्या तोंडून ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द निघता कामा नये.

चाचणी लवकर करायची घाई अशासाठी, की काहीच उपचार झाले नाहीत तर १५ ते ४५ टक्के बाळांना आईकडून लागण होते. पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. औषधं वेळेवर सुरू झाली तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. पूर्वी कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिनची एक गोळी द्यायचो. २०१४ पासून निदान झालं की लगेच एआरटी, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या गोळ्या, आणि त्या जन्मभर. पण रक्तातला विषाणू दबायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. तिसऱ्या महिन्यात कळलं तर हातात वेळ असतो, नवव्यात कळलं तर फार थोडा.

आणि माहेर! पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. अक्कलकोटच्या सुनेचं माहेर इंडी-आळंदकडं असेल तर राज्यच बदलतं. डोहाळजेवण झालं की पोरगी जाते आणि गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड सासरी कपाटात राहतं. निघण्याआधी कार्ड तिच्या पिशवीत आहे का, हे तुम्हीच बघा. गोळ्या चालू असतील तर एआरटी केंद्राला आधी कळवा, म्हणजे तिकडं खंड पडणार नाही.

एका ठिकाणी मी कार्डाच्या वरच, लागण आहे हे कळावं म्हणून लाल शाईनं केलेली ठळक खूण पाहिली. सासूला अक्षर कळत नसेल, लाल रंग कळतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, तिच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही. नवऱ्याची आई असली तरी नाही.

राहिला नवरा. बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की आपण वही मिटतो. पण नवऱ्याला लागण असेल तर तिला पुढं गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना ती होऊ शकते, आणि नव्या लागणीत विषाणू भरपूर असल्यानं बाळाला धोका जास्त. तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह कागद तेव्हा कामाचा नाही. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी त्यालाही सोबत बोलवा. यंत्रमागावर रात्रपाळी करून आला असेल तर त्याला आधी तपासून मोकळं करा.