तांब्याला काय दिसते? धान्याच्या खोलीतले स्थिरचित्रण

नमस्कार. उदगीरच्या आमच्या घरातली ही खोली एरवी धान्याची आहे. तरीही स्थिरवस्तूंचे फोटो काढण्यासाठी मला ती भाड्याच्या स्टुडिओपेक्षा सोयीची वाटते, कारण तिची एकुलती एक खिडकी उत्तरेकडे आहे, वर्षातले बहुतेक महिने तिच्यातून थेट ऊन आत येत नाही आणि सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत उजेडाचा पोत फारसा बदलत नाही.

समोर पाटावर ठेवला आहे तो आजीचा पितळी तांब्या. सुरुवातीला मी दोन्ही बाजूंना एलईडी बल्ब लावून याचे चाळीसेक फोटो काढले आणि त्या सगळ्यांत तांब्यापेक्षा मीच जास्त होतो: पोटावर माझे डोके, दोरीवरचा टॉवेल, बल्बचे दोन पांढरे ठिपके आणि चहा घेऊन दारात उभी राहिलेली आई. उजेड कमी पडला नव्हता. तांब्याचे फुगीर पोट म्हणजे बहिर्वक्र आरसाच, त्यामुळे त्याचा फोटो काढताना आपण खरे तर त्याला जे दिसते त्याचा फोटो काढत असतो, आणि म्हणून दिवे वाढवण्याआधी त्याच्या आजूबाजूला काय असावे हे ठरवावे लागते.

आता पाहा. खिडकीच्या चौकटीवर मी जुने पांढरे धोतर एकेरी ताणून बांधले आहे. त्याबरोबर गजांची प्रतिबिंबे गेली आणि तांब्याच्या डाव्या अंगावर वरपासून खालपर्यंत एकच मऊ पांढरा पट्टा आला. उजवीकडे बहुतेक जण थर्माकोल उभा करतात, मीही केला होता. सावली उजळली खरी, पण तांब्याची कड मागच्या भिंतीत विरघळून गेली. त्याच जागी ही काळी घोंगडी उभी केली, की कडेवर गडद रेघ उमटते आणि गोलाई हाताने चाचपावी इतकी स्पष्ट होते. काळा कार्डशीट स्वस्त असतो, मात्र तो चकाकतो. लोकर उजेड पिऊन टाकते. तिचे तंतू तेवढे पितळेवर पडतात. शिवाय चिंचेने घासलेला तांब्या कोरड्या सुती फडक्यात धरूनच जागेवर ठेवावा, नाहीतर बोटांचे ठसे डोळ्यांना जाणवण्याआधी फोटोत दिसतात.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. घरातल्या पिवळ्या बल्बचा रंग सुमारे 3000 केल्विनचा असतो आणि दिवसाचा उजेड 5500 च्या आसपास किंवा त्याहून निळा असतो. दोन्ही एकत्र आले की पितळेचा रंग कोणता हे कॅमेऱ्यालाही ठरवता येत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 100 आणि एफ/8 (लेन्सच्या छिद्राचे माप) ठेवल्यावर या खिडकीशी मला शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. माझा कॅमेरा ज्वारीने भरलेल्या छोट्या पिशवीवर टेकवलेला आहे आणि बटण दाबल्याचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला आहे. 1837 मध्ये छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरने आपल्या स्टुडिओतल्या प्लास्टरच्या मूर्तींचा फोटो घेतला, तोही त्या हलत नव्हत्या म्हणूनच शक्य झाला.

सीताफळाला मात्र हा सगळा थाट नको. त्याला चमक नाही, खवले आहेत. तेव्हा धोतर काढा आणि खिडकीचा उजेड अगदी बाजूने, घासून जाईल असा येऊ द्या. डोळे उघडलेले पण अजून टणक असलेले फळ निवडा, कारण पिकलेले दुसऱ्या दिवशी काळे पडते.

शेवटी ही बिदरी डबी. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर काळा रंग चढवलेला आणि त्यात चांदीची नक्षी. (कॅमेरा डबीजवळ.) आता चांदीसमोर घोंगडी आहे, म्हणून नक्षीतली वेल काळ्यातच हरवली आहे. मी डबी तशीच ठेवतो, फक्त हा पांढरा कागद खिडकीच्या बाजूने वर उचलतो, थोडा आणखी तिरपा करतो. दिसली? पाने आधी उजळली, देठ अजून अंधारात आहे. कागद दोन बोटे खाली.