मुलांना नववीतच सांगा

(कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत ‘कॉलेज प्रवेशाचं मार्गदर्शन’ असं छापलंय, त्यामुळे एसएटी या प्रवेशपरीक्षेला किती मार्क लागतात, बर्कलीला कसं जायचं, हे ऐकायला बरेच जण आलेले दिसताय. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली तिचाच भाग; ती एसएटी बघतच नाही, एवढं सांगून तो विषय मी संपवते. आज बोलायचंय ते अमेरिकेत राहण्याचे कागद नसलेल्या मुलांबद्दल. ती कॉलेजला अर्ज कसा करतात, आणि कुठे अडतात.

हा विषय सुचवला तेव्हा मंडळातल्या एकांनी मला विचारलं, “आपल्यात कुठे असं असतं?” असतं. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज असा, की अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणारे भारतीय सुमारे सव्वासात लाख. मेक्सिको आणि एल साल्वाडोरच्या खालोखाल तेव्हा आपणच. सरकारी अंदाज याहून बराच कमी आहे. आकड्यावर वाद घाला, पण आपल्यात कुणी नाहीच असं म्हणू नका. आणि सगळे काही कुंपण ओलांडून आलेले नसतात. एच-वनबी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली, हातात ६० दिवस असतात, त्यात दुसरी मिळाली नाही. मुदतवाढीचा अर्ज नाकारला गेला. बी-टू या पर्यटक व्हिसावर भावाकडे आलेलं कुटुंब परतलंच नाही. मोठ्यांनी काय ठरवलं त्याचा न्याय करायला मी इथे उभी नाही. त्या घरातलं मूल मात्र रोज पिवळ्या बसनं शाळेत जातं, आणि एक दिवस बारावीत येतं.

बारावीपर्यंत त्याला कुणी अडवू शकत नाही. त्यामागे टेक्सासमधल्या टायलर नावाच्या गावाची गोष्ट आहे. गुलाबांच्या बागांसाठी प्रसिद्ध गाव. १९७५ साली टेक्सासनं कायदा केला, की बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलरच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा मुलांना वर्षाला १००० डॉलर फी लावली. मजुरी करणारी माणसं, कुठून आणणार? काही कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीशांनी सुनावणी मुद्दाम सकाळी सहाला ठेवली, म्हणजे लोकांच्या नजरेत येणार नाहीत. तिथूनच परत पाठवलं तर तयारी असावी, म्हणून ती माणसं गाडीत सामान भरून आली होती. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल लागला, आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की आईवडिलांच्या वागण्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ तो हाच. प्लायलर हे टायलरच्या शाळांचे सुपरिंटेंडेंट. खटला हरून नाव मात्र कायमचं राहिलं बिचाऱ्यांचं.

पण हा निकाल शाळेपुरता आहे. पुढे काय, हे त्यात नाही.

आता सर्वात मोठा गैरसमज. कागद नसले तर कॉलेजला प्रवेशच मिळत नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. प्रवेश देऊ नका असं सांगणारा केंद्राचा एकही कायदा नाही. काही राज्यांनी स्वतः दारं लावली आहेत. साउथ कॅरोलायनानं २००८ मध्ये सरकारी कॉलेजं बंद केली, जॉर्जियानं २०१० मध्ये निवडक मोठ्या विद्यापीठांपुरती बंदी घातली. बाकी ठिकाणी प्रश्न येतो तो पैशाचा. पेल ग्रँट ही केंद्राची शिष्यवृत्ती, केंद्राचं कर्ज, वर्क-स्टडी म्हणजे शिकता शिकता करायचं अनुदानित काम, यांतलं काही मिळत नाही. १९९६ च्या कायद्यात आणखी एक मेख आहे. नुसत्या रहिवासाच्या जोरावर अशा मुलांना स्वस्त फी द्यायची नाही, द्यायचीच तर ती इतर राज्यांतल्या अमेरिकन नागरिकांनाही तशीच द्या.

यातून वाट काढली ती आधी टेक्सासनं. तेच टेक्सास! २००१ साली, रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरींच्या सहीनं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा एबी ५४० हा कायदा आला. युक्ती अशी, की रहिवास विचारायचाच नाही. इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकलात का आणि इथून पास झालात का, एवढंच विचारायचं. नेवाडातून इथे शिकायला येणारा अमेरिकन मुलगाही त्या निकषात बसला तर त्याला हीच सवलत. म्हणून २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात हा कायदा टिकला. फरक केवढा? २०२५-२६ मध्ये यूसीची इथल्या मुलांसाठीची फी साधारण १५ हजार डॉलर, आणि बाहेरच्यांना त्यावर आणखी ३७ हजारांहून जास्त. घरभाडं, जेवण वेगळंच.

टेक्सासचा मात्र उलटा प्रवास झाला. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं त्या कायद्यावर दावा ठोकला, टेक्सासनं त्याच दिवशी मान्य करून टाकलं, आणि २४ वर्षांचा कायदा एका दुपारीत गेला. लुटुपुटूची लढाई म्हणतात ती हीच. फ्लोरिडानंही त्याच वर्षी आपली सवलत काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियावर दावा आला. तेव्हा आज मी सांगते ते पुढच्या वर्षी तसंच असेल असं धरून चालू नका. आणि मी वकील नाही, समुपदेशक आहे. हे मी पुन्हा सांगणार आहे.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बारावीची मुलगी, कॅल्क्युलसमध्ये वर्गात पहिली, मला मावशी म्हणायची. ऑक्टोबरमध्ये आम्ही यूसीचा अर्ज भरायला बसलो. सोशल सिक्युरिटी नंबरची, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाची, चौकट आली. ती म्हणाली, “नंबर आईनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय, हरवू नये म्हणून.” मी म्हटलं, लॉकरमधला नको, नुसता नंबर फोनवर विचार. तिनं आईला मेसेज केला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आई स्वतः आल्या, मुलीला बाहेर बसवून माझ्यासमोर बसल्या, आणि पर्सचा बंद उघडत-मिटत राहिल्या. नवऱ्याची एच-वनबी कधीच गेली होती. मुलगी सहावीत असताना आली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. “तिचं अभ्यासातलं लक्ष उडेल म्हणून नाही सांगितलं हो,” त्या म्हणाल्या.

हे मला आई म्हणून कळतं. पण समुपदेशक म्हणून राग येतो, आणि तो राग मी आज तुमच्यापुढे मांडायला आलेय. कारण या मुलांच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक वाट तारखेनं उघडते आणि तारखेनं बंद होते. एबी ५४० ला तीन वर्षं लागतात. नववीतच कळलं की आपण ओरेगनला मामाकडे शिकायला जायचं नाही, तर मूल नववीपासून इथे टिकेल. कमी पडलेली वर्षं आता कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, किंवा अ‍ॅडल्ट स्कूलमध्येही भरता येतात, पण हे माहीत असलं तर.

आणि वय. बेकायदा राहण्याचे दिवस साधारणपणे अठराव्या वाढदिवसापासून मोजले जातात. त्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर परत येण्यावर तीन वर्षांची बंदी, वर्षभर किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षांची. म्हणजे साडेअठराच्या आत एक खरा निर्णय घेता येतो: भारतात जाऊन शिकायचं, पुढे रीतसर व्हिसा मागायचा, की इथेच राहायचं. कुठला बरोबर हे मी सांगणार नाही. व्हिसा मिळेलच असंही नाही. पण हा निर्णय घेण्याची संधी मुलाच्या नकळत निघून जावी, हे बरं नाही. सतराव्या वर्षी इमिग्रेशनच्या वकिलाकडे एकदा जाऊन या. वकील म्हणते आहे मी, सोसायटीतले काका नव्हे.

डाकाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. लहानपणी इथे आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट आणि वर्क परमिट देणारी, २०१२ साली ओबामांनी आणलेली सवलत. तारीख पाहा, १५ जून, प्लायलरला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी. त्यात अट अशी की जून २००७ पासून तुम्ही सलग अमेरिकेत असायला हवं. आज बारावीत असलेलं मूल तेव्हा जन्मलेलंही नव्हतं. शिवाय नव्या अर्जांना मंजुरी २०२१ पासून कोर्टानं अडवलेली आहे. आजच्या मुलांनी डाकाच्या भरवशावर राहू नये.

आता प्रत्यक्ष अर्ज. इथे जरा सावकाश ऐका.

नागरिकत्वाच्या प्रश्नापाशी ‘यू. एस. सिटिझन’ वर टिचकी मारायची नाही. कधीही, कुठल्याही अर्जावर. घाईत नाही, लाजेनं नाही, “सगळे तेच करतात” म्हणून तर नाहीच. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यात असा गुन्हा आहे की त्याला माफी जवळजवळ नाही. पुढे लग्नातून, नोकरीतून कागद मिळायची वेळ आली तर तीच एक टिचकी आडवी येते. डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवान्याच्या ऑफिसच्या, खिडकीवर मतदार नोंदणीचं विचारतात, तिथेही तेच.

यूसीच्या अर्जात देशांच्या यादीत ‘नो सिलेक्शन’ असा पर्याय असतो, तो या मुलांसाठी. सोशलची चौकट रिकामी सोडायची; कॉमन अ‍ॅप या बऱ्याच कॉलेजांच्या सामायिक अर्जामध्येही तो नंबर ऐच्छिक आहे. शोधून, बनवून, मावसभावाचा उसना घेऊन काही भरायचं नाही. ‘इंटरनॅशनल स्टुडंट’ असंही स्वतःहून म्हणवून घेऊ नका. तो रस्ता एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचा, तिथे बँकेत पैसे दाखवावे लागतात. मात्र खासगी कॉलेजांचं धोरण आपापलं असतं. पोमोनासारखी कॉलेजं इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्या मुलाला कागद नसले तरी घरचाच अर्जदार धरतात, काही त्याला परदेशी धरतात. त्यांच्या वेबसाइटवर वाचा. नसेल तर नाव न सांगता फोन करा.

पैशासाठी कॅलिफोर्नियात केंद्राच्या मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, नव्हे, कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज. कागद नसलेल्या मुलानं फाफ्सा भरायचाच नाही. २०११ च्या कायद्यांमुळे कॅल ग्रँट ही राज्याची शिष्यवृत्ती आणि यूसीची स्वतःची मदत या मुलांना खुली आहे. चार वर्षांच्या कॉलेजांसाठीची तारीख साधारण २ मार्च. ही चुकली की कॅल ग्रँट हातची जाते. मूल इथे जन्मलेलं, नागरिक, पण आईवडिलांकडे कागद नाहीत, अशी घरं तर खूप. त्या मुलाला फाफ्साचा पूर्ण हक्क आहे. पण त्या अर्जात आईवडिलांची माहिती केंद्राकडे जाते, आणि ती भीती खरी आहे. म्हणून अशा घरांना राज्याचा ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरायची मुभा आहे. त्यात केंद्राचे पैसे मिळत नाहीत, राज्याचे मिळू शकतात. काय निवडायचं ते घरात बसून ठरवा.

कम्युनिटी कॉलेजला आपल्याकडे नाक मुरडतात. युनिटला ४६ डॉलर फी, तीही बऱ्याचदा माफ होते, आणि दोन वर्षांनी यूसीत बदली. डिग्रीवर शेवटी नाव यूसीचंच. बोस्टनच्या भाच्याशी तुलना थांबवलीत तर हा हिशेब लगेच पटेल.

निबंधात हे लिहावं का? मुलाची इच्छा असेल तर. लिहिलंच तर कायद्याचं रडगाणं नको, त्या घरात तो काय करतो ते येऊ दे. माझ्याकडच्या एकानं वडिलांच्या केटरिंगच्या हिशेबाची वही लिहिली होती, कागदांचा उल्लेख फक्त एका वाक्यात. फार चांगला निबंध होता.

त्या मुलीचं काय झालं, हे विचारायला काही जण थांबले असाल. आईनं तिला गाडीत सांगितलं. दोन आठवडे ती माझ्याकडे फिरकली नाही. मग आली आणि म्हणाली, “मावशी, अजून किती दिवस आहेत?” यूसीची खिडकी नोव्हेंबरअखेर बंद होते. अर्ज गेला. तीन वर्षं भरलेली होती, म्हणून एबी ५४० चं प्रतिज्ञापत्र निघालं. त्यात एक ओळ असते, की कागद मिळवण्याची संधी आली की मी लगेच अर्ज करीन. ती वाचून ती म्हणाली, “ही तर मी दोनदा सही करते.”

मागून प्रश्न आलाय: शिकून नोकरीच करता येणार नसेल, तर एवढा खर्च कशाला? कडू आहे, पण रास्त प्रश्न आहे. वर्क परमिट नसेल तर कंपनी कामावर घेऊ शकत नाही, १९८६ पासूनचा कायदा आहे. पण व्यवसायाचा परवाना वेगळा. सर्जिओ गार्सिया हे लहानपणी मेक्सिकोतून आलेले; कागद नसताना त्यांना २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं वकिलीची सनद दिली. त्याच वर्षी राज्यानं असा कायदाही केला, की सोशल नसला तरी आयटिन या कर भरण्याच्या क्रमांकावर व्यावसायिक परवाने मिळावेत. नोकरीचं गणित तरीही अवघडच आहे. गोड बोलून ते सोपं होणार नाही. इतकंच की बावीसाव्या वर्षी कुणाचे कागद होतात, कुणाचे नाहीत, आणि झाले त्या दिवशी हातात डिग्री असणारा आणि नसणारा यांत फार अंतर पडतं.

दुसरा प्रश्न: शाळेत सांगितलं तर बाहेर फुटेल का? विद्यार्थ्यांच्या नोंदी १९७४ च्या फर्पा कायद्यानं सुरक्षित आहेत, समुपदेशकानं मूल कुठलं हे कुणाला कळवायचं नसतं. शंभर टक्के हमी मी देणार नाही, आजच्या दिवसांत कुणीच देऊ नये. सांगायचं ते ईमेलनं नको, समोर बसून सांगा.

वेळ संपली, खुणा येताहेत. मी बाहेर चहाच्या टेबलापाशी तासभर आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका असं म्हणणार होते, पण राहू दे. “माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं विचारायचंय” असं म्हणून विचारलंत तरी मी उत्तर देईन. मैत्रिणीचं नाव विचारणार नाही.