तीन तासांचं मस्टर

(दृश्य : पहाट. गणेशखिंड, पुणे. रबरी पाइप, रोपांची ओळ, मातीत उकिडवा बसलेला मुलगा. चेहरा चौकटीबाहेर.)

सकाळचे साडेसहा. पाइपला पाणी यायला अजून वेळ आहे, तोवर आळी करून घ्यायची. रोपाभोवतीची माती खुरप्याने सैल करायची, तण उपटायचं, आळ्याची कड हाताने थापायची. बागेचे मुकादम सगळ्यांचे मामा. "कड उंच घे, नाहीतर पाणी रस्त्यावर," एवढं सांगून ते पुढच्या रोपाकडे जातात.

खुरपं धरलेला मुलगा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साडेनऊला प्रॅक्टिकल. घर बीड जिल्ह्यात, चार एकर कोरडवाहू. खुरपं कसं धरायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मामा त्याच्या आळ्यांकडे फिरकतही नाहीत. चेहरा दाखवू नका, एवढी एकच अट त्याने घातली. म्हणून या फिल्मभर तुम्हाला हात दिसतील.

(दृश्य : मस्टर, अगदी जवळून.)

काम सुरू करताना सही, संपल्यावर सही. मस्टर म्हणजे पुठ्ठ्याची लांबोडकी वही. आडव्या रेघांत नावं, उभ्या रेघांत तारखा. एका पानावर पाणी सांडून शाई फुटली आहे. तिथे शेजारी सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्यात, कारण महिनाअखेरीस हीच पानं वर जातात आणि त्यांच्यावरच पैसे निघतात. दिवसाला जास्तीत जास्त तीन तास. चौथा तास राबलात तर तो मामांच्या लक्षात राहील, मस्टरच्या नाही.

शिकता शिकता असं काम करून पैसे मिळवायच्या या योजनेचं पूर्ण नाव कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं विद्यार्थी विकास मंडळ ती चालवतं, इथल्या आवारात आणि संलग्न महाविद्यालयांतही. बाग, ग्रंथालय, विभागाचं ऑफिस, प्रयोगशाळा, जिथे हात लागतात तिथे ही मुलंमुली असतात.

(दृश्य : मुख्य इमारत. मनोऱ्यावरून कॅमेरा खाली हिरवळीवर.)

ही इमारत सगळ्यांच्या ओळखीची. मुंबईच्या गव्हर्नरने पावसाळ्यात राहायला यावं म्हणून बांधलेली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी इथेच झाली, आणि ती आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच गणेशखिंड रस्त्यावर. तो विषय वेगळ्या फिल्मचा. १९४९ मध्ये इथे पुणे विद्यापीठ आलं. गव्हर्नरसाहेबांच्या बागेची निगा राखणाऱ्यांत आता रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी आहे, आणि आम्हाला ते बघायला आवडलं, हे लपवत नाही.

(दृश्य : एसटीच्या खिडकीतून खंबाटकी घाट. मग सातारा, अजिंक्यतारा.)

योजनेला ज्यांचं नाव, त्यांच्याकडे जायचं तर सातारा गाठायला हवा.

भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबलं. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, आणि ओट्यावर बसलं की घरातली पोरं दिसतात. कुठलं शाळेत जातं, कुठलं गुरांमागे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. घमेली, कुदळी, अर्ध्या चड्डीतली मुलं.)

हे फोटो सावकाश बघा.

बोर्डिंगात स्वयंपाकी ठेवायला पैसे नव्हते, तेव्हा मुलं स्वयंपाक करत. दळण मुलं दळत. पाणी भरणं, सरपण फोडणं, शेतातली कामं, आजूबाजूच्या गावांत फिरून धान्य मागून आणणं, सगळं मुलांकडे. धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना जायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. भाऊराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, फिरतीवर असत, चूल लक्ष्मीबाईंच्या जिवावर पेटायची. संस्थेच्या बोधचिन्हात वडाचं झाड आहे. आमच्या मते त्याच्या बुंध्याशी एक चूलही हवी होती.

या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसत, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. त्या पंगतीच्या आधीचा भाग पुस्तकात कमी येतो. काम सगळ्यांना होतं. ज्याच्या घरून चार पैसे येऊ शकत होते त्यालाही, आणि ज्याच्या घरी चूलच नीट पेटत नव्हती त्यालाही. दोघं एकाच जात्याच्या खुंट्याला हात घालून दळायला बसले की पीठ कुणाचं हे कसं सांगणार? काम करतो तो गरीब, हा हिशेबच तिथे लागू पडत नव्हता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे शब्द रयतच्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेले दिसतात. मागणाऱ्याला लाज वाटू नये याची व्यवस्था त्यात होती.

(दृश्य : सातारा, छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचं फाटक. सकाळची गर्दी.)

१९४७. देश स्वतंत्र व्हायला काही आठवडे उरले होते, तेव्हा साताऱ्यात हे महाविद्यालय उघडलं. तोवर शाळकरी मुलांपुरता असलेला प्रयोग इथे बीएच्या वर्गापर्यंत आला. फी देता येत नाही? मग अंगमेहनत द्या. सकाळी कुदळ, दुपारी वर्ग. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने अण्णांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले.

(दृश्य : कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाचा माळ, लांबून.)

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या कमवा व शिकातल्या मुलांच्या विद्यार्थी भवनाला पहिल्या कुलगुरूंचं, डॉ. आप्पासाहेब पवारांचं नाव आहे. पुण्यात त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी वसतिगृहं, आणि त्या वसतिगृहांतली काही कामं राहणाऱ्या मुलांनीच करायची. भांड्याला हात लावायचा म्हटलं की सगळ्यांनी लावायचा. साताऱ्याचं सूत्र इथे शाबूत राहिलं.

(दृश्य : पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. मांडण्यांमधून सरकणारी ट्रॉली.)

विद्यापीठांच्या आवारात ते पुरतं शाबूत राहिलेलं नाही.

दुपारचे दोन. परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर चढतात, पाठीवरच्या क्रमांकाप्रमाणे पुन्हा मांडणीत बसतात. ही मुलगी मराठीत एमए करते. क्रमांक वाचता वाचता तिचं बोट मध्येच थांबतं, ती पुस्तक उघडते, उभ्या उभ्या दोन पानं वाचते आणि इकडेतिकडे बघून मिटते. हे तिने आम्हाला वगळायला सांगितलं नाही, म्हणून ठेवलं आहे. संदर्भग्रंथ कुठे आहे हे वर्गातले बाकीचे आता तिला विचारतात.

काम मिळवायचं तर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मागची गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाची प्रत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्यांसाठी योजना, त्यामुळे दाखला हवाच. त्यात चूक काही नाही. पण मग आवारात खुरपं फक्त दाखलावाल्यांच्या हातात दिसतं, आणि ज्याला दाखल्याची गरज नाही तो शेजारच्या पायवाटेने कानात हेडफोन घालून जातो. चेहरा दाखवू नका ही अट तिथून येते. पैशांचं म्हणाल, तर कित्येक वर्षं दर तासाला ४५ रुपये होता, म्हणजे तीन तासांचे १३५. पुढे दर वाढला. पैसे काही ठिकाणी वेळेवर येतात, काही ठिकाणी दोन-दोन महिने येत नाहीत, आणि तोवर मेसचं बिल थांबत नाही.

(दृश्य : वसतिगृहाची खोली. लॅपटॉपचा पडदा, त्यावर महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचं संकेतस्थळ.)

रात्री. दोन कॉटची खोली, तिसरी गादी खाली. तिसरा माणूस नोंदीत नाही. अशांना इथे पॅरासाइट म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि बहुतेकांनी एखादं वर्ष असं काढलेलं असतं. आज तिघे एकाच पडद्याकडे बघतायत.

ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार ठरले : भोजनाचे ३२, निवासाचे २०, निर्वाहाचे ८. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. शिवाय पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ. कागदावर बरंच आहे. खरंच आहे.

पडद्यावर अर्जाची अवस्था दिसते. आधी कॉलेजच्या लॉगिनला छाननी, मग विभागाच्या. एखादा कागद धूसर आला की अर्ज परत. कॉलेजच्या टेबलावर अर्ज पडून राहिला तर पोराला कळत नाही, आणि टेबलावरच्या माणसाला एकट्याने शेकडो अर्ज बघायचे असतात. सगळं पार पडून पैसे सुटले, तरी ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आता हे बघा. खाली बसलेल्याचं गावातल्या बँकेत खातं आहे, पासबुक त्याने अर्जाला जोडलं होतं. शिष्यवृत्ती मात्र त्यात आली नाही. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा लावून घेतला होता, त्यात एक खातं उघडलं गेलं आणि आधार त्याला जाऊन चिकटला. पैसे तिथे. तो नंबर बंद. तिघे हसतायत, कारण सापडले तरी.

(दृश्य : रिफेक्टरी. ताटांचा आवाज. रांग.)

विद्यापीठातल्या या खानावळीला रिफेक्टरीच म्हणतात. डाळ, भात, पोळी, एक भाजी. पोळ्या वाढणारी मावशी चेहऱ्यावरून ओळखते की आज कुणी सकाळपासून जेवलेलं नाही. तिच्या हातून त्या ताटात एक पोळी जास्त पडते. हे कुठल्या योजनेत येत नाही. पुणं हे नुसत्या विद्यापीठाचं गाव नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेला बसलेली हजारो मुलं आहेत, ज्यांचं नाव कुठल्याच महाविद्यालयाच्या मस्टरला नाही. त्यांच्यापर्यंत हा कॅमेरा गेला नाही.

समुपदेशन कक्षाच्या दारापर्यंत तो गेला, आत नेला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

(दृश्य : पुन्हा मस्टर. वेगवेगळ्या हातांच्या सह्या, एकामागून एक.)

प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात करायची कामं अशी. प्रत्येक संलग्न महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी असतो, प्राध्यापकांपैकीच एक. नाव फलकावर नसेल तर ऑफिसात विचारा, आणि कमवा व शिकाचा अर्ज त्यांच्याकडे द्या, जागा भरायच्या आत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. ऑगस्टमध्ये तिथे रांग असते. आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते बँकेत जाऊन किंवा आधारच्या संकेतस्थळावर तपासा, अर्ज भरण्याआधी. सिमकार्डवाला अंगठा लाव म्हणाला तर कशासाठी ते विचारा.

आणि ज्यांना यातल्या कशाचीच गरज नाही, त्यांच्यासाठी : मामांकडे खुरपी जास्तीची आहेत. सकाळी साडेसहाला. त्याला पैसे नाहीत आणि सहीही नाही.