सांबऱ्याचा रेखांश

[दृश्य: सांबरा विमानतळ, पहाट. थांब्यावर उभे विमान, खिडक्यांत दिवे.]

बेळगाव शहराच्या पूर्वेला, सुमारे दहा किलोमीटरवर सांबरा आहे. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली. आज तिच्या शेजारी भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे आणि २०१७ साली सुरू झालेली प्रवासी इमारतही. निपाणी, खानापूर, चंदगड अशा ठिकाणांहून रात्रीच निघालेले प्रवासी या इमारतीत रांगेला लागलेले असताना विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक आणि एक अभियंता एका छोट्या पडद्यावर वाकलेले असतात. अभियंता याच भागातला असेल, तर पहिले वाक्य ठरलेले असते: "घेईना झालंय की ओ!"

घेत नाही तो उड्डाण व्यवस्थापन संगणक, ज्याला वैमानिक एफएमसी म्हणतात, आणि त्याला द्यायचा असतो तो डेटा.

हवाई मार्ग, त्यांवरील बिंदू, रेडिओ केंद्रे आणि धावपट्ट्या यांची माहिती जगभर दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलते. हा बदल जागतिक वेळेच्या मध्यरात्री लागू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. वर्षात अशा तेरा आवृत्त्या येतात. २०२० साली मात्र पहिली २ जानेवारीला आणि शेवटची ३१ डिसेंबरला पडल्यामुळे त्या चौदा झाल्या. संगणकात जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी राहतात, आणि त्यांपैकी चालू कोणती ठेवायची हे माणसाने ठरवायचे असते. येथेच पहाटेच्या विमानाची पहिली फसगत होते. वैमानिकाने घाईत संपूर्ण मार्ग भरला आणि त्यानंतर आवृत्ती कालचीच असल्याचे लक्षात आले, तर आवृत्ती बदलताच भरलेला मार्ग पुसला जातो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

[दृश्य: डेटा लोडर, त्याची केबल, कॉकपिटमधील सॉकेट.]

नवी आवृत्ती चढवायला डेटा लोडर वापरतात. बोइंग ७४७-४०० सारख्या विमानांत हे काम अगदी अलीकडेपर्यंत साडेतीन इंची फ्लॉपीवर चालत असे, हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. लोडिंग अर्ध्यावर थांबले, तर अनुभवी अभियंता आधी पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून घेतो आणि मगच हात पुढे करतो. फाइलचा पार्ट नंबर याच विमानासाठी मंजूर आहे का, केबलचा जोड घट्ट बसला आहे का, आणि मुख्य म्हणजे लोडिंग चालू असताना कोणी जमिनीवरची वीज काढून विमानातल्या जनित्रावर भार टाकला का, हे तो पाहतो. विजेची ती क्षणभराची अदलाबदल लोडिंग मोडायला पुरेशी असते. एका संगणकाने डेटा घेतला आणि दुसरा अडला, तर पहिल्यातून दुसऱ्यात तो उतरवता येतो. तेही जमले नाही, तर किमान उपकरण यादी, म्हणजे कोणते उपकरण बिघडलेले असतानाही कोणत्या अटींवर उडता येते हे सांगणारी यादी, उघडतात, आणि त्या यादीतील अटी व मुदत पाळून, प्रत्येक बिंदू चालू नकाशांशी ताडून, जुन्या आवृत्तीवर निघता येते का ते ठरवतात.

कधी डेटाबेस ठीक असतो, पण कंपनीकडून रेडिओने आलेला मार्ग अर्धाच उतरतो आणि पडद्यावर 'नॉट इन डेटाबेस' असे उमटते. बिंदू नवा असतो, नाहीतर टंकताना अक्षर चुकलेले असते. कोल्हापूरच्या विमानतळाची चार अक्षरी खूण व्हीएकेपी आहे आणि बेळगावची व्हीओबीएम. सीमा या दुसऱ्या अक्षरातूनही गेली आहे, आणि बोटांना ती प्रत्येक वेळी आठवतेच असे नाही.

हे सगळे नकार आहेत, आणि आमच्या मते नकार हा या यंत्राचा गुण आहे. काळजी वाटावी ती त्याच्या होकाराची.

[दृश्य: पडद्यावर अक्षांश आणि रेखांश. कॅमेरा शून्यावर स्थिरावतो.]

निघण्यापूर्वी विमानाला आपण कोठे उभे आहोत हे सांगावे लागते. सांबरा सुमारे १५ अंश ५१ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश ३७ मिनिटे पूर्व येथे आहे, आणि रेखांशाचे अंश तीन आकड्यांत टंकायचे असल्यामुळे ७४ च्या आधी एक शून्य येते. विमानातील जायरोंना, म्हणजे फिरणे मोजणाऱ्या उपकरणांना, पृथ्वीचे फिरणे जाणवते आणि त्यावरून ते अक्षांश स्वतः काढतात, त्यामुळे अक्षांश चुकला तर यंत्रणा हरकत घेऊ शकते. रेखांश मात्र त्यांना असा कळत नाही. बेळगाव आणि आंध्रातील कर्नूल जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि पृथ्वी दोन्हीकडे सारखीच फिरते.

१० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका विमानात हेच घडले. १५१ अंश ९.८ मिनिटे या रेखांशाऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे भरले गेले, आणि विमान सिडनीत उभे असताना त्याचे संगणक सुमारे अकरा हजार किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ होते. इशारे मिळाले होते, पण त्यांचा अर्थ वेळेत लागला नाही. उड्डाणानंतर ऑटोपायलटने भलतीकडे वळण घेतले. पुढे हवेतच दोष काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांनी होत्या त्या यंत्रणाही आणखी बिघडल्या, आणि हवामानामुळे सिडनीला परतता न आल्याने विमान शेवटी मेलबर्नला उतरले.

त्याच मेलबर्नमध्ये २० मार्च २००९ रोजी ३६२ टनांऐवजी २६२ टन वजन भरलेल्या एका विमानाची शेपटी उड्डाण करताना धावपट्टीवर घासली होती.

म्हणूनच सांबऱ्याच्या कॉकपिटमध्ये, सगळा डेटा बिनतक्रार उतरल्यानंतरही, एक वैमानिक मार्गाच्या प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर कागदावरून मोठ्याने वाचतो आणि दुसरा पडद्यावर बोट ठेवत पुढे सरकतो. खाली गाडीवाला घड्याळ दाखवत असतो. वाचन थांबत नाही.

[दृश्य: नोंदवही, अभियंत्याचा हात.]

अभियंता नोंदवहीत दोष, केलेली दुरुस्ती आणि वेळ लिहून सही करतो, पानाची एक प्रत फाडून खिशात घालतो आणि शिडीवरून उतरतो. दार बंद होते. ती प्रत सांबऱ्यातच राहते.