गोरीपान आणि पांढरीफटक

(रंगभूषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेते. पहिल्या रांगेतली ही मुलगी मघाशी दारात भेटली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या रंगाचं फाउंडेशन कुणी बनवतच नाही." म्हणून तिलाच वर बोलावलंय. बस गं, तोंड खिडकीकडे कर. या तीन बाटल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. तिन्हींत त्या त्या कंपनीची सगळ्यात फिकी छटा आहे. मी हिच्या गालाच्या खालच्या भागापासून जबड्यावरून मानेपर्यंत तीन रेघा ओढतेय. पहिली गुलाबीसर. दुसरी अगदी हिच्याच रंगाची वाटतेय, नाही? तिसरी जरा मळकट, हिरवट. मागून कुणीतरी "ईऽऽ" केलं, ऐकू आलं मला. असू दे. आता यांना हात लावायचा नाही. शेवटी परत बघू.

आपल्या भाषेत गोऱ्या बाईसाठी दोन शब्द आहेत, गोरीपान आणि पांढरीफटक. पहिला शब्द कौतुकाचा. दुसरा ऐकला की आपण विचारतो, "काय गं, बरं नाही का?" उजळपणा मोजला तर दोघींचा सारखाच भरेल कदाचित. फरक आहे तो आतल्या रक्ताचा. आणि अतिशय गोऱ्या त्वचेवर फाउंडेशन चुकतं म्हणजे नेमकं हेच होतं, की बाई आरशासमोर बसते गोरीपान आणि उठते पांढरीफटक. नाहीतर उठते नारिंगी, पण त्याच्याकडे नंतर येते.

एक सांगून ठेवते, हे भाषण गोरं दिसण्याबद्दल नाही. त्यासाठी जाहिराती पुष्कळ आहेत. ज्यांचा रंग मुळात इतका फिका आहे की दुकानातली पहिली बाटलीही गडद पडते, त्यांच्याबद्दल मी बोलतेय.

आधी त्वचा समजून घेऊ. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, ते कसं पसरतं, यावर वर्ण ठरतो. मेलॅनिन कमी असलं की त्वचा दुधी काचेसारखी होते. खालचं सगळं वर जाणवतं. गालावर आणि नाकाच्या कडेला रक्ताचा लालसरपणा, डोळ्यांखाली निळसर झाक, कपाळाच्या बाजूला शीर. मग हिचा रंग कोणता म्हणायचा? गालाचा, पापणीचा की मानेचा? सावळ्या चेहऱ्यावरही रंग जागोजागी बदलतो, पण इथे ते सगळं उघड्यावर असतं. म्हणून फिक्या त्वचेला एक सपाट रंग फासला की लगेच कळतं. आपण काचेला आतून दिसणारा रंग बाहेरून द्यायला निघालेलो असतो.

आता बाटलीत काय असतं ते बघा. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार भुकट्यांतून येतो. पांढरी टायटॅनियम डायऑक्साइडची, आणि पिवळी, लाल, काळी या तीन लोहाच्या ऑक्साइडच्या. गेरू माहीत आहे ना? त्याचा लाल आणि फाउंडेशनमधला लाल एकाच घराण्यातले. छटा गडद करायची तर लोह वाढवायचं, फिकी करायची तर पांढरं वाढवायचं. इथे मेख आहे. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाला इतकं वाकवतं की त्याचा अपवर्तनांक हिऱ्याच्या २.४२ पेक्षाही जास्त भरतो. म्हणूनच घराच्या भिंतींच्या रंगातही तेच वापरतात. एका हातात जुनी भिंत झाकली जाते. म्हणजे बघा, जी त्वचा सगळ्यात पारदर्शक, जिला झाकणं सगळ्यात कमी सोसतं, तिच्या वाट्याला बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झाकणारी बाटली येते.

दुसरी अडचण मिश्रणाची. ओल्या चुन्यात एक चिमूट गेरू टाकून बघा, सगळी बादली गुलाबी होते. फिक्या छटेत लाल-पिवळ्याचं प्रमाण केसभर हललं तरी रंग पार बदलतो. गडद छटेत तेवढा फरक खपून जातो. त्यामुळे फिक्या बायका "मला फार गडद पडतं" अशी तक्रार करतात तेव्हा मी ऐकून घेते आणि आधी वेगळंच तपासते. दहांतल्या सहा-सात वेळा उजळपणा बरा असतो आणि रंग फार रंगीत असतो. जास्त गुलाबी, जास्त पीच. तिला पांढरं नको असतं, थोडं विझलेलं हवं असतं.

मग अंडरटोन, म्हणजे त्वचेची मूळ झाक, कशी ओळखायची? मनगटाच्या शिरा बघा, निळ्या तर कूल म्हणजे गुलाबीसर, हिरव्या तर वॉर्म म्हणजे पिवळसर, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. विसरा. शिरेतलं रक्त काही निळं नसतं. त्वचेतून प्रकाश कसा परततो आणि भोवतीच्या रंगाशेजारी डोळ्याला तो कसा वाटतो, यामुळे शीर निळी दिसते. आणि फिक्या त्वचेवर ती जवळजवळ सगळ्यांचीच निळी दिसते. झालं, सगळ्या कूल ठरल्या आणि सगळ्यांच्या हातात गुलाबी बाटल्या पडल्या! त्यात गालावर लाली असतेच, म्हणजे लालीवर गुलाबी. मी काय करते सांगू? चेहरा सोडून देते. मान आणि गळ्याखालचा भाग बघते, शेजारी पांढरा कागद धरते. कागदाशेजारी त्वचा गुलाबी दिसते, पिवळी दिसते, की राखाडी-हिरवट? ही तिसरी जात अतिशय फिक्या रंगातही असते आणि तिच्यासाठी छटा सगळ्यात कमी निघतात. आपल्याकडे केतकी वर्ण म्हणतात ना, तो फिकाच पण पिवळ्या अंगाचा. ज्यांनी तो शब्द केला त्यांची नजर आपल्यापेक्षा बरी होती. प्रयोगशाळेतसुद्धा त्वचेचा उजळपणा आणि पिवळेपणा असे दोन्ही आकडे घेऊन त्यांतून एक कोन काढतात, आणि तो ५५ अंशांच्या पुढे गेला की त्वचा अतिफिकी धरतात. नुसत्या उजळपणावर यंत्रही निकाल देत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांचे त्वचेचे सहा प्रकारही कुणीतरी मला विचारणारच. ती मांडणी मुळात १९७५ ची, तेव्हा प्रकार चारच होते, पुढचे दोन नंतर जोडले; आणि ती उन्हात त्वचा भाजते की काळवंडते यासाठी केलेली. छटा निवडायला तिचा उपयोग नाही.

बाटलीवरच्या नावांवरही विसंबू नका. पोर्सलिन, आयव्हरी, अ‍ॅलबॅस्टर या शब्दांना कुठलंही सामायिक माप नाही. एकीची आयव्हरी दुसरीच्या बेजपेक्षा गडद निघते. सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल, डब्ल्यू म्हणजे वॉर्म, ही अक्षरं थोडी बरी, पण मॅक या कंपनीत एनसी पिवळसर त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर त्वचेसाठी, म्हणजे इतरांच्या बरोब्बर उलट. जुने नटच शहाणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुडविग लाइशनर या जर्मन ऑपेरागायकाने रंगकांड्या विकायला काढल्या, त्यांवर आकडे असत. पाच नंबर हस्तिदंती, नऊ नंबर विटकरी. इंग्लंडमधले नट "पाच आणि नऊ" घेऊन चेहऱ्यावरच मिसळत. छटा दुकानात शोधायची नसते, चेहऱ्यावर करायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. अर्थात २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या कंपनीने एकदम ४० छटा आणल्या, तेव्हा चर्चा गडद टोकाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या रांगेचं फिकं टोकही चांगलं लांब होतं.

तर मिसळायचं कसं? पहिला मोह होतो पांढरे थेंब घालण्याचा. ते मिळतात, वाईट नसतात. पण पांढरं घातल्याने लाल आणि पिवळ्याचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. गुलाबी फाउंडेशन फिकं गुलाबी होतं, वर खडूसारखं राखट, आणि झाकणं आणखी वाढतं. मी आधी पातळ करते. जाडी निम्मी झाली की अर्ध्या छटेची चूक त्वचा स्वतः पोटात घालते. नारिंगी वाटलं तर निळा, टाचणीच्या टोकावर राहील एवढा. थेंब नव्हे. निळ्याचा आख्खा थेंब घालून मी एकदा एका नटाला बुडून वर काढल्यासारखा केला होता आणि पहिली घंटा झालेली होती.

मिसळताना फाउंडेशन आणि ज्याने ते पातळ करायचं ते, दोन्हींची जात बघा. सिलिकोनवाल्यात पाण्याचं मॉइश्चरायझर घातलं तर फाटतं, चेहऱ्यावर गोळ्या सुटतात. घटकांच्या यादीत पहिलं नाव बहुतेक पाण्याचंच असतं, म्हणून पुढची दोन-तीन नावं वाचा. 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन'ने संपणारं काही असेल तर ते सिलिकोन. शंका असेल तर हाताच्या पाठीवर मिसळून पाच मिनिटं थांबा. फाटायचं असेल तर तिथेच फाटेल.

नारिंगी होण्याचं आता बोलते. लावल्यावर अर्ध्या तासात रंग गडद होतो, त्याला सगळे म्हणतात "ऑक्सिडाइझ झालं". पण लोहाचा ऑक्साइड म्हणजे गंजच की. गंज पुन्हा काय गंजणार? होतं ते असं, की त्यातले उडून जाणारे द्रव उडतात, थर आटतो, आणि चेहऱ्याचं तेल भुकटीच्या कणांमध्ये शिरतं. कोरडी माती आणि भिजलेली माती आठवा. माती तीच, भिजली की गडद. सगळ्याच रंगांवर हे होतं; फिक्या त्वचेवर ते लपत नाही इतकंच. म्हणून दुकानात लावून लगेच पैसे मोजू नका. लावा, बाहेर पडा, वीस मिनिटं फिरून या.

बाहेर पडा म्हणण्याला आणखी एक कारण आहे. पिवळ्या दिव्याखाली दोन रंग एकसारखे दिसतात आणि उजेडात एकमेकांना ओळखत नाहीत. याला मेटॅमेरिझम म्हणतात. खिडकीशी, ऊन थेट पडत नसेल तिथे उभं राहून बघा. आणि फ्लॅश टाकून एक फोटो काढा. माझी फजिती सांगते. एका नटीला प्रयोगानंतर फोटोसाठी नीट करायचं म्हणून मी वरून सिलिकाची बारीक पावडर मारली. आरशात सुंदर दिसत होती. फोटोत चेहरा पिठाच्या पिशवीत घातल्यासारखा आणि मान तिची स्वतःची. सिलिका, टायटॅनियम, झिंक ही मंडळी फ्लॅश सरळ परत फेकतात. ते फोटो तिने मला वर्षभर दाखवले.

सनस्क्रीनचं थोडक्यात. फिकी त्वचा लवकर भाजते, तेव्हा ते हवंच, आणि वेगळं हवं. फाउंडेशनवर लिहिलेला एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. एवढं फाउंडेशन लावलं तर तो मुखवटा होईल. झिंकवाली सनस्क्रीन स्वतःच पांढरट झाक सोडते, म्हणून छटा बघायला जाताना रोजची सनस्क्रीन लावून जा.

माझ्याकडे एक बाई यायच्या, जन्मतः अल्बिनिझम असलेल्या. पापण्यांचे केसही पांढरे. पहिल्या दिवशी मी सात बाटल्या काढल्या. त्या म्हणाल्या, "रंग राहू द्या हो. नाकाशेजारची लाली तेवढी झाका." मी नाकाच्या दोन्ही कडांना, हनुवटीवर आणि एका भुवईच्या वर असं चार ठिकाणी बोटाने थोडं थोडं लावलं, कडा थोपटून विरवल्या. कपाळ, गाल उघडेच. मग ओल्या कापसाच्या काडीने भुवया पुसल्या, कारण फिक्या केसांत फाउंडेशन अडकलं की भुवईच गायब होते. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून अतिशय फिका चेहरा समोर आला की मी आधी विचारते, सगळीकडे लावायलाच हवंय का?

चला, वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली. ये गं, उजेडात ये. पहिली रेघ बघा, गालावर चालून गेली असती, पण मानेवर गुलाबी फीत चिकटवल्यासारखी दिसतेय. दुसरी, जी तुम्हा सगळ्यांना आवडली होती, ती नारिंगी पडली. आणि तिसरी? कुठे ओढली होती मी? हं, इथे जबड्याच्या कोपऱ्यावर थोडी दिसते, तिथे माझा हात जड पडला म्हणून. बाकी सापडत नाही.

मघाशी मी एक थाप मारली. ही तिसरी त्या कंपनीची सगळ्यात फिकी छटा नाहीच, तिच्या पुढची आहे, एक पायरी गडद, आणि मी ती घरून पातळ करून आणलीय. आरसा द्या कुणीतरी हिला. काय म्हणतेस?

"मॅडम, ही तर मी बघूनच खाली ठेवली असती."