आधी कान, मग पाना

[सकाळ. दारव्हा रस्ता. धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग. दुरून एक पांढरी गाडी येते.]

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेतल्या एका गावाच्या शेवटी, कडुनिंबाखाली, टिनाचा शेड लागतो. नावाची पाटी नाही. रस्त्याच्या कडेला टायरांची उतरंड रचलेली आहे, तीच खूण.

मे महिना आहे. आठ वाजलेत आणि टिन आत्ताच तापलंय.

[गाडी शेडकडे वळते. काही क्षण फक्त तिचाच आवाज.]

हा आवाज ऐका. गाडी सरळ येत होती तोवर तो नव्हता. स्टेअरिंग वळलं तसा बॉनेटखालून कण्हल्यासारखा सूर निघाला, वळण वाढलं तसा वाढला, चाकं सरळ झाली तसा बसला. मिस्त्रींच्या हातात अजून चहा आहे. गाडी दिसायच्या आधीच त्यांची मान वर झाली होती.

"कवापासून कन्हते हे?"

"झाले पंधरा दिवस, काका. स्टेरिंगबी जड झालं. गॅरेजवाले स्टेरिंगचा पंप गेला म्हनते. नवाच टाका लागते म्हनते."

"पंप खोलून पायला का त्याइनं?"

"नाई."

"मंग थांब, भाऊ. आधी पाहू दे."

गाडी अठरा वर्षांची. आठवडी बाजार, लग्नाची वऱ्हाडं, रात्री-अपरात्रीचा दवाखाना, सगळं हिनेच केलंय. पंपासाठी मालकाने तुरीच्या पैशातून रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. ती त्यांच्या खिशात आहे.

[टेबलावर कापलेला जुना पंप. मिस्त्रींचं बोट आतल्या पात्यांवर.]

शिकायला येणाऱ्या पोरांसाठी मिस्त्रींनी एक निकामी पंप आडवा कापून ठेवलाय. मधे खाचा पाडलेला गोल तुकडा, प्रत्येक खाचेत एक पातळ पातं. इंजिनच्या पट्ट्यावर हा तुकडा गरागरा फिरतो, पाती बाहेर फेकली जातात, भोवतीच्या लंबगोल कड्याला घासत तेल गोळा करतात आणि दाबाने पुढे ढकलतात. ते तेल जाड पाइपातून स्टेअरिंगपर्यंत जातं. तिथे एक बारीक पोलादी दांडी असते. आपण स्टेअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने तेलाची वाट उघडते, आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूने तेल जोर लावतं. हाताने फक्त इशारा द्यायचा, ताकद तेलाची.

ही युक्ती मालट्रकच्या जगातून आली. अमेरिकेतला फ्रान्सिस डेव्हिस हा पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात अभियंता होता. जड ट्रक वळवताना चालकांचे हाल होत. 1926 मध्ये त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग गाडीला लावून दाखवलं. पण विकायच्या मोटारीत ते यायला 1951 उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. पुढे ते जगभरच्या गाड्यांत शिरलं आणि यथावकाश या कडुनिंबाखालीही पोचलं.

[टायरला हवेचं मीटर.]

मिस्त्रींनी पहिलं हत्यार उचललं ते हवा मोजायचं मीटर. पुढच्या टायरांत हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं, आणि शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीची हवा कोण रोज बघतो? इथे हवा बरोबर निघाली.

मग गाडीखाली पुठ्ठा सरकवला.

[पुठ्ठ्यावर डाग. कॅमेरा जवळ.]

दोन डाग दिसतायत. काळा आहे तो इंजिन ऑइलचा, जुना. स्टेअरिंगचं तेल या गाडीत लाल असतं. पुठ्ठ्यावर लाल थेंब नाही. रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारी आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट मिस्त्रींनी दाबून पाहिले. आतलं सील फुटलं असतं तर बुटात तेल साचून बोटांना लागलं असतं. बोटं कोरडी.

पट्टा अंगठ्याने दाबला. ताण ठीक, कडा शाबूत. इथे त्यांनी शिकाऊ पोराला एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: पट्टा चिरकते, पंप कन्हते. सैल पट्टा गाडी सुरू करताना किंवा स्टेअरिंग पार टोकाला नेल्यावर चीं करतो. आपण रस्त्यावर ऐकला तो सूर तसा नव्हता.

[स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडतं. आत गुलाबी फेस. निवेदन नाही, पाच सेकंद.]

हे बघा.

लाल तेल गुलाबी झालंय. वर फेस, साबणाच्या पाण्यासारखा. तेलात हवा मिसळतेय. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून जोर पुढे पोचायच्या आधीच फुग्यासारखा विरतो. स्टेअरिंग जड होतं आणि पंप कण्हायला लागतो. टाकीतलं तेल कमी झालं तरी हवा शिरते, पण इथे पातळी खुणेच्या थोडीच खाली आहे. तेल काळपट झालेलं नाही, जळका वासही नाही. पंप आतून झिजला असता तर तेलाने तसं सांगितलं असतं.

मग हवा येते कुठून? बाहेर तर थेंब गळत नाही.

सगळं निदान या प्रश्नावर येऊन थांबतं, आणि घाईत पार्ट बदलणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडत नाही. टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप ओढीचा असतो. त्याला चीर गेली तर गाडी चालू असताना तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. पुठ्ठा कोरडा राहतो आणि दोष पंपाच्या नावावर जातो. नवा पंप बसवला असता तरी तोही असाच कण्हला असता.

[इंजिन चालू. मिस्त्री बोटावर ग्रीस घेतात.]

आता त्यांचं बोट बघा. आणि कान उघडे ठेवा.

पाइप जिथे पंपाला जोडलाय, त्या जोडावर ते ग्रीस लिंपतायत. आधी वरून. आवाज तसाच. मग क्लिपच्या मागे, खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही.

[आवाज थांबतो.]

"आयकलं का, पोट्ट्या?"

पोरगं काही बोललं नाही. त्याच्या चेहऱ्याचं दृश्य आम्ही कापलं नाही.

ग्रीसने चीर बुजली, तेवढ्यापुरती. दोष सापडला. अजून एकही नट सैल झालेला नाही.

तरी मिस्त्रींनी पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवून पाहिलं. तेव्हाही ते अडकलं असतं तर दोष चाकाजवळच्या बॉल जॉइंटमध्ये किंवा स्टेअरिंगच्या दांडीच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, शोधावा लागला असता, तेलाच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. एकाच बाजूला जड लागलं असतं तर संशय रॅकमधल्या व्हॉल्व्हवर किंवा सीलवर गेला असता. हलक्या हाताने फिरलं.

[जुना पाइप निघतो. नवा बसतो.]

हातभर पाइप आणि दोन क्लिपा. पाइप तेलाचाच हवा, पाण्याचा चालत नाही. पाण्याचं रबर या तेलात फुगतं. टाकीत ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने सगळी सीलं जातात.

हवा काढायचं काम पोराकडे आलं. चाकं उचललेली, इंजिन बंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, वीस वेळा. मिस्त्री टाकीपाशी. बुडबुडे येतात, पातळी उतरते, ते तेल ओततात.

[बुडबुडे. हळूहळू विरळ होतात.]

इंजिन चालू झाल्यावर एकच ताकीद: टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदांच्या आत सोडायचं. तिथे पंपावर पूर्ण दाब असतो आणि तेल भराभर तापतं.

आजार असाच राहिला असता तर कण्हणारा पंप खरोखरच गेला असता, आणि भरल्या गाडीत, वळणावर, स्टेअरिंग एकदम जड झालं असतं.

[टाकी. तेल लाल, स्वच्छ.]

"किती झाले, काका?"

मिस्त्रींनी पाइपाचे आणि तेलाचे सांगितले. मजुरी मालकाने विचारून विचारून घ्यायला लावली.

[मालकाचा हात खिशाकडे. नोटांची जाड घडी. त्यातून मोजून काही नोटा. बाकीची घडी परत खिशात.]

[गाडी रस्त्याला लागते, वळते. फक्त टायरखालची खडी ऐकू येते.]

जुना पाइप मिस्त्रींनी फेकला नाही. कापलेल्या पंपाशेजारी ठेवला. पोराने तो उचलून वाकवला, आणि क्लिपच्या वळाखाली नखाएवढी चीर उघडली.